तिरपा उजेड

शिवराई तळहातावर घेतली की दोन गोष्टी लगेच जाणवतात. दिसते त्याहून ती जड आहे, आणि तिच्यावरचा मजकूर तिच्यात मावलेला नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे हातोड्याचा घाव बसताना जेवढं तुकड्यावर आलं तेवढंच उमटलं. कुठं ‘श्री’चं डोकं काठाबाहेर गेलं, कुठं ‘ति’ची वेलांटी. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पेशवाई बुडाल्यावरही काही काळ चालत राहिलं. मधल्या काळात ते इतक्या ठशांनी पाडलं गेलं की ‘शिव’ की ‘सिव’, ‘छत्रपति’ की ‘छत्रपती’ अशा फरकांवर संग्राहक तासन्‌तास वाद घालतात. वाद ज्या रेघेवरून चालतो ती रेघ बहुधा मिलिमीटरभरसुद्धा नसते.

ती रेघ फोटोत आली पाहिजे, असं काम श्रीगोंद्यातल्या एका स्टुडिओवाल्यांकडे आलं. तोवर त्यांचं आयुष्य लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो, पासपोर्ट साइजच्या आठ प्रती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स यांत गेलेलं. पंचक्रोशीतले एक निवृत्त शिक्षक रुमालात बांधून शिवराई नाण्यांची पुरचुंडी घेऊन आले. पुण्याच्या एका अभ्यासकाला फोटो पाठवायचे होते आणि मोबाइलवर काढलेले फोटो त्यांनी परत पाठवले होते. “अक्षर लागत नाही म्हणतात,” गुरुजी म्हणाले. फोटोग्राफरना वाटलं, चांगला कॅमेरा आहे, अर्ध्या तासाचं काम. पुढे काही वर्षं हे काम त्यांच्या टेबलावरून हटलं नाही.

नाण्यांशी या गावाचं नातं जुनं आहे. श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदा. वेरुळला मालोजीराजे भोसल्यांना द्रव्य सापडलं आणि ते त्यांनी चांभारगोंद्याचे सावकार शेषो नाईक पुंडे यांच्याकडे ठेवलं, अशी कथा बखरींत येते. पुढे गाव शिंद्यांकडे आलं. तालुक्याच्या दक्षिणेला भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड आहे. तिथं मोगलांची मोठी छावणी होती आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून तिथंच आणलं होतं. छावणी म्हणजे फौज, फौज म्हणजे पगार, बाजार, सराफ. निजामशाहीचे तांब्याचे फलूस, औरंगजेबाचे चांदीचे रुपये, शिवराया, पुण्याचा अंकुशी रुपया आणि नंतरचा राणीछाप कलदार, असा सगळा पैसा या मुलखातून फिरला. त्यातला थोडा अजून घराघरांतल्या देव्हाऱ्यात आणि जुन्या ट्रंकेत पडून आहे.

पहिली अडचण फोकसची. तिचं उत्तर भूमितीत निघालं.

त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर पंधरा-सोळा मिलिमीटर उंचीचा. वीस मिलिमीटरचं नाणं त्यात पूर्ण बसवायचं तर ते प्रत्यक्षापेक्षा थोडं लहान उमटतं. एवढ्या जवळून, एफ ८ वर, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. लग्नात नवरा-नवरी पुढेमागे उभे राहिले तरी चालतं, इथं नाणं तीन अंशांनी कललं की त्याची एक कड दुसरीपेक्षा एक मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्यात ‘छत्र’ स्पष्ट तर ‘पति’ धूसर. बरं, छिद्र आणखी बारीक करून एफ २२ वर जावं, तर थर वाढतो पण प्रकाश कडांशी पसरतो आणि अख्खं चित्रच मऊ पडतं. जवळून फोटो घेताना कागदावरचा एफ ८ प्रत्यक्षात एफ १३-१४ सारखा वागतो, त्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणजे छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवायचं आणि कॅमेरा नाण्याच्या बरोब्बर समोर, काटकोनात आणायचा. दुसरी वाट नाही.

तिपाई यासाठी कुचकामी. तिचे पाय मध्ये येतात आणि कॅमेरा खाली तोंड करून टांगला की तो हळूहळू झुकत राहतो. उत्तर माळ्यावर होतं. कृष्णधवल पासपोर्ट फोटो डार्करूममध्ये धुण्याच्या काळातला एन्लार्जर तिथं धूळ खात पडलेला. भक्कम फळी, तिच्यावर उभा लोखंडी खांब आणि चक्री फिरवली की वर-खाली सरकणारं डोकं. डोकं काढून लेथवाल्याकडून एक पट्टी बनवून घेतली आणि तिच्यावर कॅमेरा बसवला. एन्लार्जरचं पन्नास मिलिमीटरचं भिंगसुद्धा कामाला आलं. सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर उतरवण्यासाठीच ते घडवलेलं असतं, म्हणून चित्र कडेपर्यंत सारखं स्पष्ट राहतं. भिंग आणि कॅमेरा यांच्यात एक्स्टेन्शन ट्यूबा घातल्या की मॅक्रो लेन्सचा खर्च वाचतो. जगभरचे नाणी टिपणारे लोक अशी जुनी एन्लार्जरची भिंगं हुडकून वापरतात, हे त्यांना मागाहून कळलं.

काटकोन साधायची युक्ती मात्र देखणी आहे. नाण्याच्या जागी फळीवर छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. आरशात भिंगाचं स्वतःचंच काळं बुबुळ दिसतं. ते चौकटीच्या मधोमध आलं की कॅमेरा काटकोनात आला. स्पिरिट लेव्हलची गरज नाही, टेबल वाकडं असलं तरी हरकत नाही. आरसा उचलायचा, नाणं ठेवायचं. नाणं स्वतः वेडंवाकडं असेल, आणि हातोड्यानं पाडलेलं नाणं असतंच, तर त्याच्याखाली मळलेल्या कणकेची चिमूट ठेवायचा मोह होतो. त्याऐवजी ते स्टेशनरी दुकानातला भिंतीला चिकटवायचा मऊ गोळा वापरतात, कारण ओलावा तांब्याला मानवत नाही.

उरला हादरा. स्टुडिओ रस्त्यालगत आहे आणि तालुका उसाचा. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र जातात. कानाला सवय झालेली असते, पण शटर पाव सेकंद उघडं असेल तर फळीला ते कळतं. कॅमेऱ्याचा आतला आरसा आधी वर उचलून ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, हात बाजूला घ्यायचा, आणि तरीही ट्रॅक्टर पुढे जाईपर्यंत थांबायचं. मध्येच झेरॉक्सचं गिऱ्हाईक येतं. ते गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

एवढं सगळं जमवून पहिला तंतोतंत स्पष्ट फोटो निघाला. त्यात तांब्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसत होता, आणि ‘शिव’ काही वाचता येत नव्हतं.

खरी गंमत इथून पुढे आहे. स्टुडिओत प्रकाश कसा असावा याचं त्यांचं शिक्षण चेहऱ्यांवर झालेलं. दोन बाजूंना छत्र्या, मऊ, सारखा, कुठंही सावली न पाडणारा उजेड. नवरीच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं जावीत, आजोबांच्या सुरकुत्या कमी दिसाव्यात. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याचेच. नाण्याला हाच उजेड दिला तर त्याच्याही सुरकुत्या जातात, आणि नाण्यावर वाचण्यासारखं जे असतं ते नेमकं त्या सुरकुत्यांतच असतं. झिजलेल्या शिवराईवर अक्षराची उंची केसाएवढी उरलेली असते. सावली पडली तर अक्षर आहे, सावली नाही तर सपाट तांबं.

मग त्यांनी छत्र्या मिटल्या आणि एकच छोटा एलईडी दिवा जवळजवळ फळीला टेकवून, आडवा, नाण्यावरून घसरत जाईल असा लावला. ‘श्री’ वर आला. दिवा थोडा फिरवल्यावर ‘जा’चा काना दिसला आणि ‘श्री’ गेला. एकाच बाजूनं येणारा उजेड त्याच दिशेनं जाणाऱ्या रेघा गिळतो, आडव्या रेघा दाखवतो. म्हणून आता ते नाणं जागेवर ठेवून दिवा घड्याळाच्या काट्यासारखा फिरवतात आणि डोळ्यांनी वाचत राहतात. सगळ्यात जास्त अक्षरं एकदम लागतील तिथं थांबतात. गरज पडली तर समोरच्या बाजूला पांढऱ्या पोस्टकार्डाचा तुकडा उभा करतात, सावलीच्या पोटात थोडा उजेड जावा म्हणून.

यात एक कडक नियम आहे: मुख्य उजेड चित्राच्या वरच्या बाजूनं, बहुधा डावीकडून वरून यायला हवा. सूर्य, दिवे, सगळं वरून येतं याची डोळ्याला जन्मापासून सवय असते. उजेड खालून आला तर मेंदू उठाव उलटा वाचतो आणि वर आलेली अक्षरं कोरून खोल गेलेली वाटतात. चंद्रावरच्या विवरांच्या फोटोत हाच घोटाळा होतो. गुरुजींना त्यांनी मुद्दाम तोच फोटो उलटा फिरवून दाखवला, तेव्हा गुरुजी म्हणाले, “हे नाणं माझं नाहीच.” नाणं त्यांचंच होतं.

तिरप्या उजेडाची ताकद किती असते ते पाहायचं तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीकडे बघावं. १९०६ मध्ये तिथं तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाचा चेहरा आणि त्याच्यावरच दुसऱ्याची चिन्हं, खालचं पुरतं गेलेलं नाही आणि वरचं पुरतं बसलेलं नाही. नहपान हरला हे या ठशांवरून ठरलं. अशा नाण्याचा सपाट उजेडातला फोटो म्हणजे नुसता गोंधळ. उजेड बाजूनं घेतला की कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे कडांवरून उलगडतं.

जुने अभ्यासक या अडचणीतून वेगळ्या वाटेनं सुटले होते. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या नाणेसूचींतली चित्रं कित्येकदा नाण्यांची नाहीतच. ती नाण्यांच्या प्लास्टर साच्यांची आहेत. प्लास्टर एकरंगी, त्याला चकाकी नाही, डाग नाहीत, म्हणून नुसता उठाव दिसतो. धातूचा रंग मात्र गेला. शाळेतली मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तेही त्याच कुळातलं. साधं आणि प्रामाणिक काम. कित्येक संग्राहक एकमेकांना असे ठसे पत्रातून पाठवत.

चांदीचं तंत्र निराळं. चकचकीत, आरशासारख्या पृष्ठभागाच्या नाण्याला तिरपा उजेड दिला तर मैदान, म्हणजे नाण्याची सपाट जागा, काळं पडतं आणि कडा पांढऱ्या फटक जळतात. त्यासाठी फोटोफ्रेमची स्वच्छ काच नाणं आणि भिंग यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत धरतात. दिवा बाजूला. उजेड काचेवर आपटून सरळ खाली नाण्यावर जातो, नाण्यावरून परत वर येतो आणि काचेतून पार होऊन कॅमेऱ्यात शिरतो. जणू भिंगानंच उजेड टाकला. झिजलेल्या शिवराईला ही पद्धत निरुपयोगी, पण कोऱ्या स्मरणनाण्याला हिच्यासारखी दुसरी नाही. काच तेवढी एकीकडे काळ्या कापडानं झाकायला हवी, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा नाण्यात उतरतं.

दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस राणीछाप रुपयांचे. लक्ष्मीपूजनाला बाहेर काढलेले रुपये पुन्हा डब्यात जाण्याआधी कुणाला तरी वाटतं, फोटो काढून ठेवावेत. वाटण्यांच्या वेळीही तेच. या रुपयांच्या खोलगट जागांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बसलेलं असतं, व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या नक्षीत लाल आणि गळ्यापाशी पिवळं. फोटोग्राफर ते काढत नाहीत. विचारतात, आणि मालक बहुतेक वेळा “राहू द्या, देवाचं आहे” म्हणतात. फोटोसाठीही ते सोयीचंच पडतं, रेघा आपसूक रंगवलेल्या मिळतात. १८६२ साल असलेले रुपये मात्र ते नीट तपासून टिपतात. ते साल ठशावर तसंच ठेवून पुढे बरीच वर्षं, १८७४ पर्यंत, रुपये पाडले गेले. सालाखाली आणि नक्षीत बारीक ठिपके आहेत, आणि त्यांच्या संख्येवरून संग्राहक प्रकार वेगळे करतात. ठिपका की कुंकवाचा कण, हे वाढवलेल्या फोटोतच कळतं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट आणखी मजेदार. राजाच्या झग्यावर पदकातला हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. अकराचा आणि बाराचा हत्ती शेजारी शेजारी लावलेला फोटो स्टुडिओच्या काचेखाली आहे. येणाराजाणारा त्याच्यावर बोट ठेवतो.

तांब्याच्या नाण्यांचं दुखणं वेगळंच आहे. माणसं फोटोला येण्याआधी नाणं आंघोळ घालून आणतात. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, जे हाताला लागेल ते. “चकाचक करून आणलंय भाऊ, आता दिसंल बघा,” असं म्हणत एका शेतकऱ्यानं लालबुंद, लखलखीत शिवराई पुढे ठेवली. काठावरची काळसर हिरवी झाक गेली, तिच्याबरोबर अक्षरांचे कंगोरेही गेले. ती झाक म्हणजे मळ नसतो. तांब्यानं शेकडो वर्षांत स्वतःभोवती तयार केलेलं ते कवच असतं, आणि खोलगट भागात ते गडद, उंचवट्यावर फिकं असल्यामुळे अक्षर वाचायला मदतच करतं. घासलेल्या नाण्याचा बाजारभावही पडतो. आता स्टुडिओत पाटी आहे: नाणी धुऊन आणू नयेत. तिच्याशेजारी जुनी पाटी तशीच आहे, मुलांची तोंडं धुऊन आणावीत.

नांगराला लागलेलं नाणं कुणी आणलं तर ते फोटोआधी एक गोष्ट सांगतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम ऐकून लोक हसतात. काही जण मात्र पुरचुंडी बांधून न बोलता जातात.

आणि मग लाखोंवाले येतात. कुणाच्या मोबाइलवर आलेलं असतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं अमुक लाखांना जातं, कुणाकडे एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८ असलेलं ‘नाणं’ असतं. तसं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. ती देवळाबाहेर, जत्रेत विकली जाणारी टोकनं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि बँकेचं नाव सांगून कुणी शुल्क वा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे. फोटोग्राफर हे सांगतात, पण माणूस आशेनं आलेला असतो. त्याला ते नाणं पडद्यावर मोठं करून दाखवतात. अक्षरांच्या कडा गोल, फुगलेल्या. मैदानात बारीक खड्डे. ओतीव कामाची ही खूण. ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्याची कड धारदार असते. मोठ्या पडद्यावर हे कुणालाही दिसतं, आणि वाद घालायचं काम उरत नाही. चालू नाण्यांवरही मुलांना एक खेळ मिळतो: सालाखाली हिरकणी असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

मोबाइलबद्दल त्यांचं मत वाईट नाही. पोरं फोन नाण्याला जवळजवळ टेकवतात आणि फोनचीच सावली नाण्यावर पडते, एवढीच चूक. हातभर मागं यावं, दुप्पट झूम करावं, फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवावा, पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करावा, खोलीतली ट्यूब बंद करून एकच दिवा बाजूला लावावा. नंतर कापून घ्यावं. गुरुजींच्या नातवानं असा काढलेला एक फोटो पुण्याला पाठवलेल्या संचात गेला आणि तो वेगळा ओळखू आला नाही. फोनची आपोआप धार वाढवायची खोड तेवढी बंद करता आली तर बरं, कारण ती नसलेल्या कडा निर्माण करते.

हा मुद्दा त्यांना सगळ्यात जास्त छळतो. कॉम्प्युटरवर अक्षर उठावदार करणं एका क्लिकचं काम आहे. लग्नाच्या फोटोत ते रोज करतात. इथं तसं केलं तर ‘सिव’चा ‘शिव’ व्हायला वेळ लागत नाही. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचा १९८९ चा ग्रंथ अभ्यासक अजून हाताशी ठेवतात. तो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेनं काढला. अशा कामात पुढे भर पडते ती नवी नाणी आणि त्यांची खात्रीची चित्रं यांतून. फोटोत खोटी रेघ आली तर एक खोटा प्रकार तयार होतो. म्हणून ते फक्त रंग जुळवतात, करड्या कार्डावरून, आणि नाण्याशेजारी मिलिमीटरची पट्टी व वजन टाकतात. जाड, खडबडीत नाण्याचे वेगवेगळ्या उंचीवर फोकस केलेले फोटो सॉफ्टवेअरनं एकत्र जोडतात, तेही जोडलंय असं फाइलच्या नावात लिहून. ‘शि’ की ‘सि’ असा वाद असेल तिथं एकच उत्तर देणारा फोटो देत नाहीत. उजेड डावीकडून एक, उजवीकडून एक, असे दोन पाठवतात. ठरवायचं त्यानं ठरवावं.

याचे पैसे किती घ्यायचे, यावर मात्र अजून एकमत नाही. गुरुजींचं म्हणणं, नाणं एक तर फोटो एक. फोटोग्राफर म्हणतात, बाजू दोन म्हणजे फोटो दोन, आणि प्रत्येक बाजूला दिवा नव्यानं लावावा लागतो. कड पण काढून हवी असेल तर तिसरा. मागच्या खेपेला कडेचा फोटो फुकट टाकून तडजोड झाली. गुरुजींनी चहाचे पैसे दिले आणि जाताना आणखी एक पुरचुंडी टेबलावर ठेवली, या वेळी निजामशाही फलूस, फारसी अक्षरांचे. उजेड कुठल्या बाजूनं लावायचा, हे आता पहिल्यापासून बघावं लागणार होतं.